पन्नासपर्यंत

सकाळी साडेनऊला घेतलेल्या एका गोळीत भोंगाबाईंना पाऊण तासाचा आवाज मिळत असे. पंधरवड्यातून एकदा, गुरुवारी. बदल्यात द्यायचं काय, तर एक लहानसं खोटं, आणि तेही कुणी विचारलंच तर. एवढ्या स्वस्तात मिळणारी गोष्ट बाईंनी आयुष्यात कधी सोडली नव्हती.

भोंगाबाई हे नाव बस डेपोतल्या लोकांनी ठेवलेलं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी डेपोच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा केल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली किती उशिरा, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीत आहे. लाखो माणसांनी त्यांचं ऐकलं आणि एकानेही उलट काही विचारलं नाही. माइकचा स्वभावच तसा, एका बाजूचा. त्याचं बाईंना तेव्हा काही वाटलं नाही. बोलायला मिळत होतं ना, मग झालं.

मग संध्याकाळच्या घोषणा नाकातून येऊ लागल्या. सकाळी आवाज खणखणीत, पाचनंतर जणू कुणी बरणीत तोंड घालून बोलतंय. डेपोचे साहेब म्हणाले, सर्दीचं औषध घ्या. घशाच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि घसा झकास आहे म्हणून सांगितलं. एकाने वयावर ढकललं. एकाने फार मनाला लावून घेता का, असं विचारलं, आणि घरी एकट्याच असता हे कळल्यावर त्याला असा काही आनंद झाला की जणू रोगच सापडला. यात तीन वर्षं गेली. शेवटी डावी पापणी खाली आली तेव्हा बाई नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे पोचल्या. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फ भरला, घड्याळ लावून दोन मिनिटं पापणीवर धरला आणि मोजा उचलला. पापणी दुकानाच्या शटरसारखी वर गेलेली. मग मनगटाला विजेचे लागोपाठ बारीक झटके देऊन पडद्यावरच्या रेषा पायरीपायरीने बुटक्या होताना पाहिल्या, रक्त तपासलं, आणि आजाराला नाव मिळालं. डॉक्टरांनी समजावलं, नस हुकूम बरोबर देते, पण शरीराचेच पहारेकरी स्नायूचे कान कापतात.

"म्हणजे घोषणा होतेय, प्रवासीच बहिरे," बाई म्हणाल्या. डॉक्टर हसले. त्या महिन्यात बाईंच्या बोलण्यावर हसलेलं ते एकमेव माणूस.

नोकरी सुटली आणि आवाजाची काटकसर सुरू झाली. गोळ्या नेमाने घेऊनही एका गोळीमागे जेमतेम पाऊण तासाचं बोलणं हाती यायचं, तेही तुकड्यातुकड्यांनी. भाजी बोटाने दाखवायची. शेजारणीला मानेने हो म्हणायचं. सगळी बचत रविवारच्या फोनसाठी. पण फोनवर धाकटा भाऊ आधी आपल्या घराच्या पुट्टीचं सांगे, मग वहिनीच्या गुडघ्याचं, आणि बाई मधेमधे हुंकार देत आवाज खर्च करून बसत. त्यांची पाळी यायची तेव्हा शब्द नाकात शिरलेले असत. "ताई, लाइन खराब आहे बहुतेक," भाऊ म्हणायचा, "ठेवतो." दर रविवारी लाइन खराब असे.

म्हणून मोठ्या डॉक्टरांनी नव्या इंजेक्शनच्या संशोधनात येता का असं विचारलं, तेव्हा बाई लगेच हो म्हणाल्या. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी, कुणाला काय ते कुणालाच ठाऊक नाही. दर दुसऱ्या गुरुवारी मोजणी. अट एकच, शेवटची गोळी आदल्या रात्री दहाला घ्यायची, त्यानंतर मोजणी होईपर्यंत नाही. नाहीतर मोजायचं इंजेक्शन आणि मोजली जायची गोळी.

मोजायला एक तरुण मुलगी होती. दुसऱ्या गावाहून आलेली, केस घट्ट बांधलेली, खिशाला चार पेनं. हात सरळ पुढे किती सेकंद टिकतो, नजर वर किती वेळ राहते, एका दमात किती हवा फुंकता येते, हे ती लिहून घेई, आणि शेवटी एक ते पन्नास मोठ्याने मोजायला लावी. आवाज कुठल्या आकड्यावर बिघडला तो आकडा कागदावर. तिलाही नियम होता की आजाराबद्दल, औषधाबद्दल पेशंटशी चकार शब्द बोलायचा नाही, म्हणजे तिचं मत कलणार नाही.

पहिल्या गुरुवारी बाई नियमाने गोळीविना गेल्या. सत्ताविसावर आवाज फुटला, तिसानंतर सगळं नाकात. मोजणारीने पेन खाली ठेवलं, डबा काढला आणि सहज विचारलं, "मावशी, तुम्ही काय काम करायचा?"

गेल्या दोन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. बाईंकडे अठ्ठावीस वर्षांचं उत्तर होतं, आणि ते सांगायला एक अक्षर नव्हतं. त्यांनी हाताने काहीतरी केलं, माइक धरल्यासारखं. मोजणारीला वाटलं पाणी हवंय. तिने ग्लास भरून दिला, थोडी थांबली, आणि घड्याळ बघून फायली आवरू लागली.

पुढल्या खेपेला बाईंनी साडेनऊला दवाखान्याच्या बाथरूममध्ये गोळी घेतली. पन्नासपर्यंत मोजलं, एकही आकडा न सांडता. आणि मग उत्तर दिलं.

तिथून ते ठरूनच गेलं. बाईंचा नंबर सकाळच्या यादीत शेवटचा, त्यामुळे मोजणीनंतर मोजणारी तिथेच डबा खाई. आजाराबद्दल बोलायला बंदी, म्हणून बाकी सगळं बोलून होई. मोजणारीची घरमालकीण गीझरला कुलूप लावते. मोजणारीची आई फोनवर रोज एकच स्थळ नव्याने सांगते. बाईंनी उलट तिला डेपोतले किस्से दिले, नवऱ्याला चुकीच्या गाडीत बसवून स्वतः माहेरच्या गाडीत चढलेल्या बाईचा तर दोनदा. मधेच बाईंचं पोट गुरगुरायचं. त्या गोळीने पोट ढवळतं, हे कुठल्याही पेशंटला माहीत असतं.

"मावशी, पोट बोलतंय तुमचं. उपाशी आलात ना?"

"हो गं पोरी," बाई म्हणायच्या. मग मोजणारी डब्यातलं अर्धं झाकणात काढून त्यांच्यापुढे सरकवी. अकरा गुरुवार असे गेले. मधल्या दिवसांत बाई पुढल्या गुरुवारी काय सांगायचं ते मनात जुळवत बसत. घरात घड्याळाशिवाय कशाचा आवाज नव्हता, पण आता ते घड्याळ कुठेतरी जात होतं.

बाराव्या मोजणीनंतर बाई जिना उतरून पायऱ्यांवर टेकल्या होत्या, तर शेजारी ड्रायव्हर येऊन बसला. त्यांच्याच डेपोतला, याच आजाराचा, उजवी पापणी चिकटपट्टीने वर बांधलेली. तोही याच संशोधनात. शरीराच्या पहारेकऱ्यांना आवरणाऱ्या मोठ्या, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी त्याचे गाल फुगले होते, साखर वाढली होती, आणि आज स्वारी खुशीत होती. त्याने सांगितलं, सगळ्यांचे आकडे मिळून चांगले दिसताहेत म्हणे, म्हणून पुढच्या टप्प्यात सगळ्यांच्याच मोठ्या गोळ्या निम्म्यावर आणणार.

"तू कितीपर्यंत मोजतोस?" बाईंनी विचारलं.

"चौदा. पण मी नसेन सुधारलो, बाकीचे सुधारलेत ना. इंजेक्शनात दम आहे, बाई."

बाईंनी मनात बेरीज केली. सगळे म्हणजे सोळा जण. सोळांतला एक जण चौदावर अडकलाय, आणि एक जण बाथरूममधून येऊन पन्नास म्हणतोय. आणि या माणसाची गोळी निम्मी झाली की आधी पापणी, मग घास, मग श्वास. त्याला पूर्वी एकदा आठवडाभर श्वासाच्या नळीवर ठेवलं होतं, हे डेपोत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या पंधरवड्यात बाईंनी मनात काहीच जुळवलं नाही. नुसतं गप्प राहून गोळी थांबवावी, हेही सुचून झालं. पण मग एकाच गुरुवारचा आकडा पडला असता आणि अकरा गुरुवार तसेच उभे राहिले असते. भावाला सांगावं असंही एकदा वाटलं. पण रविवारी त्याच्या घराच्या पुट्टीवर रंगाचा पहिला हात झाला होता, आणि फोन त्यातच संपला.

तेराव्या गुरुवारी त्या गोळी न घेता गेल्या. एरवी चार मिनिटं टिकणारा हात एकाहत्तर सेकंदांत खाली आला. मोजणारीने एकदा घड्याळाकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बाविसाला आवाज फुटला. मोजणारीने हळूच सांगितलं, थांबा, दम खा, पुन्हा करू. बाईंनी मान हलवली आणि पर्समधून घरी लिहून आणलेला कागद काढून दिला. तारखा अकरा, वेळ साडेनऊ, जागा बाथरूम. खाली एकच ओळ, 'मोजणीनंतर तुझ्याशी बोलता यावं म्हणून.'

मोजणारीने कागद दोनदा वाचला. डबा टेबलावर तसाच बंद होता.

"पोट बोलत होतं तुमचं," ती म्हणाली. "दर वेळी ऐकत होते मी. आणि घास काढून देत होते."

बाईंना पुष्कळ सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलंही. जे बाहेर आलं त्यातलं मोजणारीला काही समजलं नाही, आणि या वेळी तिने पाण्याचा ग्लासही भरला नाही. तिने नियमाप्रमाणे आजचा आकडा लिहिला, बावीस, त्याखाली वेळ आणि सही केली, आणि कागद घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. केस तसेच घट्ट बांधलेले. चालताना तिने मागे पाहिलं नाही.

पुढचं सगळं पत्राने आणि कानावर आलं. बाई संशोधनातून बाद. त्यांची कुपी उघडून पाहिली तर पाण्याची निघाली, म्हणजे सहा महिने पाणी बाजी मारत होतं. त्यांचे आकडे वगळले तेव्हा बाकीची सुधारणा एवढीशी उरली की गोळ्या निम्म्यावर आणायचं रद्द झालं. पेशंटबरोबर जेवण केल्याबद्दल मोजणारीला मोजणीवरून काढून तळमजल्यावर फायलींच्या खोलीत बसवलं. ड्रायव्हर पायऱ्यांवर भेटला तेव्हा गाल तसेच फुगलेले. कुणीतरी घाण केली बघा, म्हणाला, तोंडाशी आलेलं गेलं. बाईंनी मान हलवली. गुरुवारी आता बाई घरीच असतात, आणि गोळी वेळेवर घेतात, वापरायला जागा नसली तरी.

रविवारी फोन आला. वहिनीचा गुडघा बरा होता. बाईंनी या खेपेला एकही हुंकार दिला नाही, सगळा आवाज शिल्लक ठेवला, आणि पाळी आल्यावर अगदी स्पष्ट म्हणाल्या, "लाइन कधीच खराब नव्हती रे. मला आजार आहे."

 मग भाऊ म्हणाला, "बरं, मग जास्त बोलू नकोस. ठेवतो."

तर हिशेब असा. मोजणारीचा हुद्दा गेला, ड्रायव्हरची आशा गेली पण श्वास राहिला, आणि बाईंचे गुरुवार गेले. भावाचं काहीच गेलं नाही. त्याच्या घराला रंगाचा दुसरा हातही देऊन झाला होता.