दुसरा ताव

मी एक जुनं, ताटाएवढं, दातेरी बिडाचं चाक आहे, मित्रांनो. बीड म्हणजे ओतीव लोखंड. अल्लीपुरात रूपराव मिस्त्रींच्या भट्टीशेजारी मी पडून असतो तशी ती मंगळवारची दुपारही पडून होती, साधी, कालच्यासारखी. माझ्या जागी बसणारं नवं चाक तेवढं तयार होत होतं.

नुसतं ओतलेलं बीड लवकर झिजतं. म्हणून रूपराव आम्हांला पिकल्या संत्र्याच्या रंगापर्यंत तापवून तेलात बुडवत. त्याने अंग कडक होतं, पण काचेसारखं. झटका बसला की तडकतं. मग दुसरा ताव, मंद, पुरते दोन तास. त्यात थोडा कडकपणा उतरतो आणि सोसण्याचं बळ येतं. त्या बळावर मी समुद्रपूरच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढणाऱ्या यंत्रात, बावीस वर्षं फिरलो. दात झिजले, तुटला एकही नाही. मालक भैय्याजी माझ्या पाठीवर थाप मारत.

नव्या चाकाला दुसऱ्या तावाला लावून रूपरावांनी मनगटावरचं घड्याळ मुलीला दिलं. रूपाली वर्ध्याला शिक्षिका होती, एका दिवसासाठी आलेली.

"मास्तरीनबाई, पुस्तक ठेव अन् घड्याळ पाह्य. दोन तास."

"चाक हाय का बाळंतीन, बाबा? किती शेकता!"

ते हसत जेवायला गेले, तिथेच त्यांचा डोळा लागला. तिची बस चारची होती. अर्ध्या तासातच तिने सांडशीने चाक बाहेर काढलं. मी पाहिलं, मला बोलता येत नाही.

"बाबा, मी निघाली. चाक झालं."

"झाले दोन तास?" ते झोपेतच होते.

"झाले न. भरोसा नाई का?"

"तुह्यावर नाई त कोनावर?"

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये चाक बसवून रूपराव जवळच उभे राहिले. पहिल्याच झटक्याला दात फुटले. एक तुकडा त्यांच्या कपाळात शिरला.

तेरवीला सगळे म्हणाले, "बीडच कच्चं निघालं." रूपाली पंगतीत वाढत राहिली.

मित्रांनो, झीज दिसते, तिची काळजी घेता येते. आतला ठिसूळपणा दिसत नाही. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. तेवढा चोरू नका.

काल ती एकटीच आली. भट्टीत राख होती. गडबडीत तिच्याच हातात राहिलेलं ते घड्याळ तिने माझ्यावर ठेवलं, आणि रिकाम्या भट्टीकडे पाहून मोठ्याने म्हणाली,

"दोन तास नव्हते झाले, बाबा. अर्धाच झाला होता."