तलावाभोवतीची तार

नव्या तरणतलावाच्या वायरिंगचा नकाशा तपासत होते. पाण्याभोवती पूर्ण फेरी मारलेली एक हिरवी रेघ दिसली. ही तांब्याची उघडी तार. शिड्या, कठडे, दिव्यांच्या पेट्या, सगळा धातू ती एकत्र बांधते. मग कुठे वीज झिरपलीच, तरी शिडी धरणाऱ्या ओल्या हाताला झटका बसत नाही. चार वर्षांपूर्वी मी पास केलेल्या तलावाच्या नकाशात ही रेघ होती का?

कपाटातून जुना कागद काढला. नव्हती. खाली माझी सही मात्र होती, चांगली शेपूट काढलेली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "शिक्क्याखालची ओळ वाचा. मंजुरी दिली म्हणून नकाशातल्या चुकीची जबाबदारी या कार्यालयावर येत नाही. सुटलो आपण, बाई."

"आपण सुटलो, साहेब. पोरं रोज उतरतात त्यात."

जागेवरची पाहणी टेस्टरभाऊंची होती. त्यांच्या खिशाला कायम टेस्टर. लग्नाच्या फोटोतसुद्धा आहे म्हणे. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"मी पोचलो तेव्हा काँक्रीट ओतून फरशीही बसली होती. म्हटलं, कागदावर ताईंनी बघितलंच असेल."

"आणि मी म्हटलं, जागेवर भाऊ बघतीलच."

"वा! काय विश्वास एकमेकांवर," भाऊ म्हणाले. हसलो नाही दोघंही.

त्या जुन्या तलावावर पोचताच आम्ही सगळ्या पोरांना बाहेर काढायला लावलं. पोरं टॉवेल गुंडाळून, दात वाजवत कडेला बसली. पोहायला शिकवणाऱ्या बाई वैतागल्या, "झालंय तरी काय?"

"तेच बघायला आलोय," मी म्हटलं.

भाऊंनी मीटरची एक वायर बोर्डाच्या अर्थिंगला लावली, दुसरी लांब वायर घेऊन पहिल्या शिडीपाशी उकिडवे बसले. "आकडा शून्याजवळ आला तर तार आहे. नाहीतर ही फरशी फोडायची, आणि आधी माझं डोकं."

मीटर माझ्या हातात होता. आकडे नाचले, उतरले, शून्यापाशी थांबले.

दुसरी शिडी, शून्य. तिसरी, शून्य. चौथीला आकडा खाली येईचना. भाऊंनी खिशातला टेस्टर काढून शिडीवरचा रंग खरवडला, आतला चकचकीत धातू उघडा केला आणि वायर पुन्हा टेकवली.

शून्य.

मी पायाखालच्या फरशीकडे बघत राहिले. कागदावर नसलेली, आम्ही दोघांनी न बघितलेली तार तिथे खाली होती. चार वर्षं.

वायरमनचा नंबर तलावाच्या राखणदाराकडे निघाला. मी तिथूनच फोन लावला.

"नकाशात नव्हती ती तार. तुम्ही कशी टाकली?"

"नकाशा? तो मला कुणी दाखवलाच नाही, बाई. पोरांचा तलाव आहे म्हणाले. मग टाकायला नको?"

"पूर्ण फेरी?"

"सलग. मधे एकही जोड नाही." तो थबकला. "का हो? काही झालं का?"

"नाही," मी म्हटलं. "काही झालं नाही."

बाकावर जुना नकाशा पसरला. लाल पेनाने तलावाभोवती रेघ ओढली, शेजारी लिहिलं: तपासताना राहून गेलं, चूक माझी. भाऊंनी पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं: माझीही. कागदावर सह्यांच्या दोनच चौकटी छापलेल्या होत्या. तिसरी मी हाताने आखली, वाकडीच आली, आणि तिच्यात वायरमनचं नाव लिहिलं.

"काकू, उतरू का आता?" टॉवेलमधून एक मुलगी विचारत होती. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती.

मी भाऊंकडे बघितलं नाही. त्यांनी मान हलवली असती, आणि मी त्यांच्यावर सोडून मोकळी झाले असते. मी मीटरवरून लिहून घेतलेले चारही आकडे पुन्हा एकदा वाचले.

"उतरा," म्हटलं.

धपाधप उड्या पडल्या. माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तास संपून शेवटचा ओला हात शिडी धरून वर येईपर्यंत मी तिथून हलले नाही.