कोंडीचा पासपोर्ट

माझ्या मुलीचा पासपोर्ट आला त्या दिवशी सासूबाईंनी सगळ्यात आधी त्यातल्या फोटोच्या गालावर काजळाची तीट लावली. फोटो काढताना मंचरच्या फोटोवाल्याने बाळाची तीट पुसायला लावली होती, ते त्यांना जानेवारीपासून खुपत होतं. माझे सासरे हौशीराम, त्यांना मी मामा म्हणते, ते ओरडले, "अगं येडी का काय तू, सरकारी कागद हाय त्यो!" पासपोर्ट हिसकावून त्यांनी उपरण्याच्या टोकाने तीट पुसली. मी हसत होते. हसत हसतच तो हातात घेतला आणि नाव वाचलं. समृद्धी सुदर्शन पोखरकर. जन्म ९ एप्रिल २००३.

समृद्धी माझी पहिली मुलगी. ती दोन महिन्यांची असताना वारली. माझ्या कडेवर होती ती दुसरी, एप्रिल २००४ मध्ये झालेली. तिला आम्ही कोंडी म्हणत होतो.

कोंडी हे काही नाव नव्हे, ती एक युक्ती होती. पहिलं मूल गेलं की आमच्याकडे दुसऱ्याला चांगलं नाव देत नाहीत, म्हणजे वरून बघणाऱ्याला ते नकोसं वाटावं. सासूबाईंनी, साळुबाईंनी, सगळं रीतसर केलं. पहिली दवाखान्यात झाली होती म्हणून दुसरी घरातच झाली. सुपात कोंडा पसरून त्यावर पोर निजवली, ती सखूबाई सुइणीला देऊन टाकली आणि पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतली. बारसं नाही, पाळण्यावर फुलं नाहीत. ग्रामपंचायतीत नोंदही नाही. नोंद नको असं म्हणणारी मीच होते. बारावी शिकलेली बाई मी, पण कुठल्याही कागदावर तिचं नाव चढलं की कुणीतरी ते वाचेल, ही भीती माझ्या पोटात जाऊन बसली होती.

तोवर माझ्या नवऱ्याची मस्कतची कंपनी कुटुंबाला बोलवायला तयार झाली. हे तिथे एसी दुरुस्त करतात. मार्चअखेरपर्यंत या, नाहीतर पुन्हा वर्षभर थांबा, असं कंपनीने कळवलं. मामा पारगावच्या साखर कारखान्यात टाइम-ऑफिसात होते, कागदांची त्यांना भारी हौस. एजंटाकडे मी कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, कारण पोर रडत होती आणि मामा म्हणाले, "तू सही कर, बाकी मी बघतो." बाकी त्यांनी असं बघितलं होतं. घरात मुलीच्या जन्माचा एकच दाखला होता, तोच त्यांनी लावला होता.

"मामा, ही समृद्धी नाही."

"मला ठावं न्हाई व्हय?" ते म्हणाले. "पर हिची नोंद करायची म्हंजी अ‍ॅफिडेव्हिट, तालुक्याचा हुकूम, मग परत पासपोट. जून उजाडल. सुदर्शन थांबल का?"

"आणि ती गेल्याची नोंद? ती केली असती तर हा दाखला कुणी चालवून घेतला असता?"

मामांनी पासपोर्ट पिशवीत घातला, पिशवीची नाडी ओढली, परत सोडली. "तीनदा गेलो व्हतो पंचायतीत," ते म्हणाले. "हात चालला न्हाई पोरी. तिथं ती हाय आजून." मग ते गोठ्याकडे निघून गेले आणि मला त्यांच्यावर नीट रागावताही आलं नाही.

संध्याकाळी ह्यांचा फोन आला. मी सगळं ओकून टाकलं. हे म्हणाले, "अगं कागदच तो. इथं आल्यावर काय म्हणायचं ते म्हण. तू ये फक्त." त्यांनी समृद्धीला पाहिलं नव्हतं, ती गेल्यावर महिन्याभराने ते सुट्टीवर आले. कोंडीलाही पाहिलं नव्हतं. त्यांच्यापाशी एकीचेच फोटो गेले होते, कारण पहिलीचा फोटो काढायच्या आतच ती गेली. मी फोन आदळला.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. मला नवऱ्याकडे जायचं होतं. लग्नाच्या चौथ्या वर्षी आम्ही मोजून पाच महिने एकत्र राहिलो होतो. आणि मला माझी मुलगी जिवंत हवी होती. तिला वाचवायला जे कोंडी नाव ठेवलं, तेच पुसून तिच्या अंगावर मेलेल्या बहिणीचं नाव चढवायचं, म्हणजे हरवलेली गोष्ट शोधत येणाऱ्याला आपणच घराचा पत्ता द्यायचा. रात्रंदिवस डोक्यात हेच होतं.

पण तयारी काही थांबली नाही. सासूबाईंनी बाळगुटीची मुळं फडक्यात बांधली. सहाण विमानात चालते की नाही यावर दोन दिवस वाद झाला. एजंटाने सांगितलं होतं की दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसतं आणि आईच्या पट्ट्याला त्याचा छोटा पट्टा अडकवतात. विमान चढताना कान दुखतात, तेव्हा अंगावर पाजायचं. कागदावर समृद्धी दोन वर्षांची व्हायला बारा दिवस होते, असं अठ्ठावीस मार्चचं तिकीट निघालं. माझी पोर अकरा महिन्यांची होती, कशीबशी धरून उभी राहायची. "अंगानं बारीक हाय म्हनून सांगायचं," मामा म्हणाले.

मामांना दुसरीच काळजी होती. "तिथं इमानतळावर सायबानं नाव घेतलं आन् पोरीनं बघितलंच न्हाई तर? आता हिला त्याच नावानं हाका मारा." आणि ते स्वतः खुळखुळा घेऊन बसले. "समृद्धी! ए समृद्धी!" दोन वर्षं ज्या घरात ते नाव कुणी तोंडातून काढलं नव्हतं, त्या घरात ते दिवसातून पन्नासदा घुमायला लागलं. पोर ढिम्म. तिला 'कोंडे' म्हटलं की मान गर्रकन वळायची, समृद्धी म्हटलं की ती स्वतःचा अंगठा बघत बसायची. मला मनातून बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पडवीत तांदूळ निवडत होते. मामांनी हाक मारली आणि पोरीने मान वर केली. पण मामांकडे नाही. तिने उंबऱ्याच्या डाव्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिथे, बघितलं आणि ती हसली. ओळखीचं माणूस दिसल्यावर हसतात तशी. मामा खूश. "आली का न्हाई वळणावर!" मी उठून उंबऱ्यापाशी गेले. एक केरसुणी होती, ती मी मुद्दाम उचलून मागे नेऊन टाकली. पुन्हा हाक मारली. पोर पुन्हा तिथेच बघून हसली.

मग रोजच तसं. सासूबाईंनी पाहिलं होतं, मला माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवसापासून त्या उंबऱ्याच्या डाव्या बाजूला दूधभाताचा घास ठेवायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "कावळ्याला." कावळे काय उंबऱ्यात येतात का?

मला तेव्हा सारखा तो एसटीतला दिवस आठवायचा. समृद्धीला छातीत कफ भरला होता, मी आणि मामा तिला घेऊन मंचरला गेलो होतो. दुपारी डॉक्टरांनी हात बाजूला घेतले. परत यायला दुसरं वाहन नव्हतं, डिंभ्याची गाडी लागली होती. मामा कानाशी म्हणाले, "झोपलीय म्हनायचं. न्हाईतर कंडक्टर उतरवल." मी तिला मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने टोपडं सारखं केलं आणि म्हणाली, "झोपली वाटतं बाय." मी म्हटलं, हो, आत्ताच झोपली. एवढंच नाही, मी तिला थोपटलं. घोडेगावपर्यंत ती बाई मला दात येताना काय काय द्यायचं ते सांगत होती आणि मी मान हलवत होते. गाव आल्यावर मामांनी तिला माझ्याकडून घेतलं ते परत दिलं नाही. कुठे पुरलं तेही बायकांना सांगत नाहीत.

निघायच्या दोन दिवस आधी सखूबाई आली. तिने कोंडीला उचलून मुका घेतला. "काय गं, माजी पोर कुटं नेताय? कोंड्यावर इकलीय मी, फुकट न्हाई दिली." थट्टाच होती ती. तेवढ्यात आतून मामांनी 'समृद्धी' अशी हाक मारली, पोरीने उंबऱ्याकडे बघितलं आणि सखूबाईचा चेहरा उतरला. तिने पोर माझ्याकडे दिली.

"अश्विनी, ह्ये कुणाचं नाव घेताय तुमी?"

मी सगळं सांगितलं. तिने दोघींनाही न्हाऊ-माखू घातलं होतं. ती म्हणाली, "तिचं नाव न्यायचं तर तिला इचारून न्यावं. त्याबिगर नगं."

"कुठे विचारू? मला जागासुद्धा माहीत नाही."

"जागा लई चांगली ठावी हाय तुला," असं म्हणून ती चपला घालून गेली. उंबऱ्याची डावी बाजू तिने टाळली, उजवीकडून पाय टाकला.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. भर दुपार. पोरीला मांडीवर घेऊन मी उंबऱ्यासमोर बसले. मला स्वतःचीच लाज वाटत होती, तरी बोलले. म्हटलं, समृद्धी, तुझं नाव थोडे दिवस दे. हिला हात लावू नकोस. तुझ्या वेळेला मी गाडीत खोटं बोलले, तेव्हा रडायलाही नाही मिळालं मला, तुझ्यासाठी. आता नाव दे. मी थांबले. काय उत्तर यायचं? पोर घशातल्या घशात काहीतरी बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. दोघींच्या गप्पा चालाव्यात तसं. मी तिला उचललं आणि परसदारी पळाले.

जायचं नाही म्हणायची ती शेवटची वेळ होती. ते मी म्हटलं नाही. ह्याचं खापर मामांवर फोडता येत नाही.

अठ्ठावीसला सकाळी जीप निघाली. पेठच्या पुढे पोर ओकली, मी तिचं झबलं बदललं, मामा पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "समृद्धीला पाणी पाज जरा." पहिल्यांदाच त्यांना तालीम म्हणून म्हणावं लागलं नाही, सहज तोंडात आलं त्यांच्या. सासूबाई खिडकीकडे तोंड करून होत्या. विमानतळाच्या दाराशी दोघं थांबले. आत फक्त आम्ही. दोघी म्हणायचं की तिघी, ते मला तेव्हाही कळत नव्हतं.

पासपोर्टवर शिक्का मारणारे साहेब मराठी निघाले. पन्नाशीचे, शांत. त्यांनी पासपोर्ट बघितला, पोरीकडे बघितलं, पुन्हा पासपोर्ट.

"दोन वर्षांची होत आली? लहान दिसते हो."

मामांनी पाठ करून घेतलेलं वाक्य होतं, अंगाने बारीक आहे. ते माझ्या तोंडातून आलंच नाही. मी म्हणाले, "आजारी होती. दोन महिन्यांची असताना छातीत कफ भरला. न्युमोनिया."

"अरे! मग?"

"मंचरला नेली. खूप उशिरा पोचलो. डॉक्टरांनी हात टेकले होते."

"वाचली म्हणजे नशीबच." ते पोरीकडे बघून हसले. "आता बरी आहे ना?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मेलेल्या पोरीबद्दल असं विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? मी म्हणाले, "हो साहेब. आता बरी आहे. जेवते, खेळते. उभी राहते धरून." आणि रडायला लागले. मनापासून, सुटल्यासारखी. साहेब गडबडले. त्यांच्या मुलीलाही लहानपणी असंच झालं होतं, काळजी करू नका, असं काहीतरी म्हणाले.

शिक्का उचलता उचलता त्यांनी सहज विचारलं, "हिच्या पाठीवर दुसरं मूल?"

"नाही," मी म्हणाले. "एवढी एकच."

ते इतकं चटकन आलं, की मी ऐकलं तेव्हा बोलून झालं होतं. शिक्का बसला. इतके दिवस मी घाबरत होते, की मेलेली येईल आणि जिवंत मुलीला घेऊन जाईल. कुणी आलं नव्हतं. त्या खिडकीशी उभं राहून मीच एकीला वाचवलं होतं आणि दुसरी झालीच नाही म्हणून सांगितलं होतं, तेही डोळे पुसत, आनंदाने.

"चला, पुढे व्हा," साहेब म्हणाले. पोरीचे दोन्ही हात माझ्या गळ्याभोवती होते. मी तिला घट्ट धरून पुढे झाले, पण मान वळवून तिच्या तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही.