किचनसकट व्हिला

लग्नानंतर भूमिकानं पुष्कळ गावं पाहिली होती, आणि प्रत्येक गावचा गॅस तिला ओळखत होता. येडूरला देवाला गेले तेव्हा तिनं मठाच्या मागच्या शेडमध्ये चपात्या लाटल्या. गोकर्णला नवऱ्याच्या ओळखीनं एक रिकामा फ्लॅट मिळाला होता. तिथं खिडकीतून समुद्र दिसायचा. खिडकी स्वयंपाकघरात होती, म्हणून तेवढा तरी दिसला. महाबळेश्वरला तर शेगडी घरूनच नेली होती. घरातल्या फोटोंमध्ये सगळे कुठल्या ना कुठल्या पॉइंटवर उभे आहेत आणि भूमिका नाही. कुणी विचारलं की घरचे सांगत, "फोटो तिनंच काढलाय." तिनं काढलेला नसायचा.

त्यामुळं यंदा दिवाळीच्या सुट्टीत घाट उतरून त्या मोठ्या थीम पार्कला जायचं ठरलं, तेव्हा तिनं पाळण्यांचे व्हिडिओ पाहिलेच नाहीत. ते काम सहावीतल्या रक्षिताचं. माणसाला उलटं टांगून फिरवणारा तिथला प्रत्येक पाळणा लेकीला तोंडपाठ होता. भूमिकानं पाहिले ते पार्कच्या दाराशी असलेल्या हॉटेलचे फोटो, आणि तेही खोल्यांचे नव्हे, नाश्त्याचे. लांबलचक टेबल, झाकणं घातलेली चकचकीत भांडी, आणि त्यामागं पांढरी टोपी घालून डोसा टाकणारा एक पुरुष. तो फोटो तिनं बोटांनी मोठा करून पाहिला. पुरुष हसत होता.

"दोन रात्री हॉटेलात राहायचं," ती महांतेशला म्हणाली. "दोन सकाळी मी गॅसपुढं उभी राहणार न्हाय. बाकी मला कायबी नको. पाळण्यातबी बसणार न्हाय मी."

महांतेशचं शाहूपुरीत पंप आणि पाइपचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला जे हवं ते आपल्याकडं आहेच, असं सांगायची त्याला सवय होती. "ठरलं की," तो म्हणाला.

आता प्रश्न राहिला होता तो फक्त त्याच्या आईचा. रत्नव्वांना घरात सगळे अव्वा म्हणत. सकाळी अंघोळ, मग लिंगपूजा, मग चहा, आणि अंड्याचा वाससुद्धा नाही, असा त्यांचा नेम. भूमिकानं हॉटेलला फोन लावून चौकशी केली. शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या ठिकाणी होतो आणि वाढतातही वेगळ्या बाजूला, असं कळलं. अव्वा म्हणाल्या, "मला काय, पाणी तापलेलं असलं अन् बसायला कोपरा असला की झालं." प्रश्न संपला.

पण ठरलेली गोष्ट कोल्हापुरात फार दिवस ठरलेली राहत नाही, कारण ती सांगावी लागते. आणि सांगितली की पुढं "चला की तुम्हीबी" असं म्हणावं लागतं. नाही म्हटलं तर माणूस शिष्ट ठरतो. त्यावर समोरच्यानं "न्हाय ओ, तुम्ही जाऊन या, आमचं काय" असं म्हणायचं असतं. मग दोघांनी मिळून चहा घ्यायचा. या व्यवहारात आजवर कुणी कुणाला कुठंही नेलेलं नाही. महांतेशनं त्या आठवड्यात दुकानात आलेल्या प्लंबरांना, बँकेच्या साहेबांना आणि विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला थीम पार्कचं आमंत्रण दिलं. सगळ्यांनी ते रीतसर परत केलं.

शिवमूर्तीकाकांनी परत केलं नाही.

काका महांतेशचे सख्खे चुलते, शिरोळला ऊस करत. पाण्याची मोटार जळाली म्हणून ती गाडीत घालून दुकानात आले होते. बिल करता करता महांतेश सवयीनं म्हणाला, "चला की काका तुम्हीबी."

"चला म्हणतोयस तर चलूया की," काका म्हणाले. "कारखाना सुरू व्हायच्या आत मी मोकळाच हाय."

महांतेश बिलावर नव्या मोटारीची किंमत दोनदा लिहून बसला.

काका येणार म्हणजे काकू, मुलगा, सून आणि नातवंडं येणार, हे सांगायची गरज नव्हती. त्याच संध्याकाळी काकांचा फोन आला. मुलानं मोबाइलवर एक व्हिला शोधून काढला होता.

"हॉटेलात ज्याला त्याला वेगळी खोली. मग संगट गेल्याचा उपेग काय?" काका फोनवरही शेताच्या पलीकडल्या बांधावरच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलत. "हितं सगळे एका छताखाली. किचनसकट हाय. अन् आमच्या वैनीचं काय? इतकं सोवळ्याचं माणूस, हॉटेलात कुणाच्या हातचं खाणार सांग."

वैनी म्हणजे अव्वा. त्या वेळी त्या टीव्हीसमोर बसून कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी चहात बुडवत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

रात्री व्हिलाचे फोटो आले. पोहण्याच्या हौदाचा एक होता, बाकी बहुतेक किचनचेच. मोठा ओटा, चार शेगड्यांचा गॅस, गावजेवणाला पुरतील अशी पातेली. फोटोत कुणीही हसत नव्हतं, कारण कुणी माणूसच नव्हतं. ती जागा कुणासाठी रिकामी ठेवली आहे ते भूमिकाला लगेच कळलं. पाठोपाठ काकूंचा व्हॉइस मेसेज आला. "भूमिका, पीठ मी आणते. कडक भाकरी तू आदल्या दिवशी करून घे. चटणी तुझ्याच हातची हुंदे बाई, आमच्या सुनेला जमत न्हाय."

"काकांना सांगा, तुम्ही व्हिलात उतरा, आम्ही हॉटेलात उतरतो," भूमिका महांतेशला म्हणाली.

"असं कसं सांगायचं? मीच चला म्हटलो."

"रीत म्हणून म्हटलासा."

"म्हटलो तर म्हटलो. आता माघारी कसं घ्यायचं?"

"म्हंजे मी परत गॅसपुढं."

"अगं काकू असतील, त्यांची सून असेल. गप्पा मारत मारत हुतंय की सगळं."

गप्पा मारत मारत होणारी कामं महांतेशनं कधी केली नव्हती, त्यामुळं ती तशी होताना त्याला स्पष्ट दिसत. भूमिकानं भांडी घासायला टाकली, ओटा पुसला आणि नवऱ्याच्या बोलण्याचा नीट विचार केला. मुद्दा तिला पटला. एकदा चला म्हटलं की म्हटलं, ते माघारी घेता येत नाही. पण नियम जर एवढा पक्का असेल, तर तो एकट्या महांतेशनंच वापरावा असं काही नव्हतं.

त्यांचं घर कळंब्याला, एका कॉलनीत. शेजारच्या बंगल्यात विजयसिंह आणि संयोगिता राहत. विजयसिंहांचे दूध संस्थेकडं टँकर लागलेले होते, पण कॉलनीत त्यांची ओळख होती ती मटणाची. बुधवारी आणि रविवारी त्यांच्या रश्श्याचा वास कुंपण ओलांडून आला की अव्वा उठून खिडकी लावून घेत आणि त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. विजयसिंहही सणासुदीला अव्वांच्या पाया पडून जात. शेजार असा दोन्हीकडून नीट सांभाळलेला होता.

दुसऱ्या दिवशी संयोगिता कुंपणाजवळ कपडे वाळत घालत होती. भूमिका पलीकडून म्हणाली, "आम्ही पार्कला चाललोय दिवाळीत. चला की वैनी तुम्हीबी."

"आमचं कुठलं ओ. तुम्ही जाऊन या," संयोगितानं रीतीप्रमाणं परत केलं.

इथं दोघींनी पाण्याच्या वेळेबद्दल बोलायला लागायचं असतं. पण भूमिका म्हणाली, "न्हाय, खरंच चला."

संयोगितानं हातातला टॉवेल दोरीवर तसाच सोडला. दुसऱ्यांदा म्हटलेलं चला वेगळं असतं. "ह्यांना विचारते," ती म्हणाली.

विचारायची जबाबदारी भूमिकानं तिच्यावर ठेवली नाही. संध्याकाळी विजयसिंह गाडी लावत होते आणि महांतेश दारात आपली गाडी धूत होता, तेव्हा ती बाहेर आली. "दादा, येताय न्हवं पार्कला? आमचे हे म्हणत होते, विजयसिंहदादा असले की सहलीला मजा येतीय."

महांतेश असं काही म्हणाला नव्हता. पण 'मी असं म्हणालो नाही' हे वाक्य शेजाऱ्याच्या तोंडावर बोलता येण्यासारखं नसतं. तो पाइप हातात धरून उभा राहिला. पाणी गाडीवरून त्याच्याच चपलेत गेलं.

"व्हय की," तो म्हणाला. "चला की."

विजयसिंहांचा चेहरा खुलला. "मग येतो की. जेवणाचं कसं केलंय?"

"व्हिला बघितलाय," भूमिकानं सांगितलं. "किचनसकट."

"किचनसकट?" विजयसिंह कुंपणापाशी आले. "मग तुम्ही कायबी बघू नका. मटण मी हितनंच बर्फात घालून आणतो, आपल्याकडच्यागत तिकडं मिळत न्हाय. मसाला घरचा. पहिल्या रात्री तांबडा-पांढरा, दुसऱ्या रात्री सुक्कं. आणि शेठ, काळजी करू नका, मला अव्वांचं सगळं ठाऊक हाय. तुमची भांडी वेगळी, आमची वेगळी. फकस्त गॅस तेवढा एक."

"गॅस एकच हाय," भूमिका म्हणाली. "पण मोठा हाय."

महांतेश बराच वेळ एकच चाक धूत राहिला.

घरात येऊन त्यानं काकांना फोन लावला आणि फोन स्पीकरवर टाकला, कारण काकांशी बोलताना तो कानाला लावता येत नसे. सगळं ऐकून काका म्हणाले, "मग सांग त्याला येऊ नको म्हणून."

"असं कसं सांगायचं काका? मीच चला म्हटलो."

काका स्वतः त्याच शब्दावर निघाले होते. तो शब्द माघारी घेता येतो असं एकदा ठरलं, तर पहिल्यांदा कुणाची पिशवी खाली उतरेल, हे न कळण्याइतके काका साधे नव्हते.

"वैनीला तरी विचार," काका म्हणाले.

अशा रीतीनं अव्वांना पहिल्यांदा विचारण्यात आलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "त्यांनी खुशाल खावं," त्या म्हणाल्या. "त्यांचं जेवण हाय ते. पण माझा चहा त्या गॅसवर नको."

काकांनी हळू आवाजात, म्हणजे साधारण माणसाच्या आवाजात, विचारलं, "मग कसं करायचं?"

"मग हॉटेलच," महांतेश म्हणाला. "त्यांचं त्या बाजूला, आपलं ह्या बाजूला. ज्याची त्याची खोली."

"अन् स्वयंपाक?" मागून काकूंचा आवाज आला.

"तिथलीच माणसं करतात काकू," भूमिका पुढं होऊन म्हणाली.

मग काकूंनी विचारलं, "चहाबी?"

"चहाबी."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि काकांनी काही म्हणायच्या आत फोन बंद झाला.

महांतेश बायकोकडं बघत राहिला. धंद्यातला माणूस होता, माल कुठून कसा फिरला ते त्याला उशिरा का होईना कळायचं. "तू त्याला मुद्दाम बोलावलंस."

"मी कुठं. चला की असं तुम्हीच म्हटलासा. मी उभीच होती तिथं."

"मी रीत म्हणून म्हटलो."

"म्हटलं तर म्हटलं," भूमिका म्हणाली आणि हॉटेलला फोन लावला.

विजयसिंहांना वाईट वाटेल अशी तिला थोडी धाकधूक होती. सकाळी संयोगितानं कुंपणावरून विचारलं, "किचन न्हाय म्हणं आता?"

"न्हाय ओ वैनी. अव्वांचं जमेना."

"बरं झालं बया. हे मटण करणार म्हंजे कांदा मी चिरणार, खोबरं मी भाजणार, वाटण मी वाटणार, अन् शेवटाला हे पळी फिरवत फोटो काढून घेणार." तिनं आत वळून बघितलं. "अव्वांना माझा नमस्कार सांगा."

जायचा दिवस आला तशी मंडळी गेली. रक्षितानं पहिल्याच दिवशी सगळे उलटे पाळणे संपवले आणि काकांना एका पाळण्यात नेऊन बसवलं, त्यानंतर काका संध्याकाळपर्यंत हळू बोलत होते. विजयसिंहांनी रात्री हॉटेलचं मटण चाखून "आजारी माणसाला बरं हाय" असा निकाल दिला आणि दोनदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकाला नेहमीच्याच वेळी जाग आली. ती उठून बसली. करण्यासारखं काही नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात अव्वांची पूजा चालली होती, बाकीचे घोरत होते. तिनं पडद्याची कड सरकवून बाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग होतं. तेच ती बराच वेळ बघत बसली.

नाश्त्याला काकू आधीच खाली आलेल्या होत्या आणि हातात ताटल्या घेऊन टेबलांमधून फिरत होत्या. "ह्यांना वाढायचंय," त्या म्हणाल्या.

"ते बघा की," भूमिकानं दाखवलं. काका डोशाच्या रांगेत एका लहान मुलीच्या मागं, कारखान्याच्या दारात उसाची गाडी लावून उभं राहावं तसे नंबर धरून उभे होते. पुढची मुलगी सरकली की तेही सरकत. काकूंनी ते दृश्य नीट पाहून घेतलं. मग त्या खुर्चीच्या कडेला टेकल्या, आणि थोड्या वेळानं पाठ टेकवून बसल्या. टेबल भरलं. अव्वा, महांतेश, काका सगळे आपापली ताटली घेऊन आले.

काकूंनी सांबाराचा चमचा तोंडात घातला. "मीठ कमी हाय ग," त्या म्हणाल्या.

सवयीनं सगळ्यांनी भूमिकाकडं बघितलं. महांतेशनंसुद्धा.

भूमिकानं चाखलं. कमीच होतं.

"व्हय," ती म्हणाली, आणि खात राहिली.