द्राक्षामृताचा एक थेंब

शेडमध्ये चाळीस बायका होत्या आणि एकीचीही बांगडी वाजत नव्हती. सगळ्यांचे डोळे काचेच्या एका पेल्यावर खिळले होते. रसानंद महाराजांनी मंगलाबाईंचा भाजलेला हात कापसाच्या बोळ्याने पुसला, बोळा पाण्यात पिळला, आणि पाणी जुन्या जखमेसारखे तपकिरी झाले.

"हे तुमच्या कातडीतलं विष! आता द्राक्षामृताचा एक थेंब."

थेंब पडला. पाणी निवळशंख झाले.

ऑक्टोबर १९९६. ओझरजवळच्या आमच्या द्राक्षबागेत छाटणी झाली होती. काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना दोन दिवसांत औषध लावणे भाग होते. फडके त्यात बुडवून काडीवर फिरवताना पेठ तालुक्यातून मजुरीला आलेल्या या बायकांचे हात पोळले, काम थांबले. त्यांनी रबरी हातमोजे मागितले. माझ्या थोरल्या भावाने, ज्ञानेशने, महाराज आणले.

"वेलीनं पोळलं, वेलीचंच फळ निववील!" महाराज गरजले. "यात अँटिऑक्सिडंट आहे. अमेरिकासुद्धा मानते!"

अमेरिकेला विचारायला शेडमध्ये कोणी नव्हते.

मंगलाबाईंनी महाराजांनी दिलेले द्राक्षामृताचे मलम हातांना चोळले. "लय गार वाटतंय. भाऊ, उद्या मोज्याबिगर येतो आमी."

ज्ञानेश हसला. त्या हसण्याने मी उठले. थेंबाच्या बाटलीवरचे द्राक्षांचे चित्र एका कोपऱ्यात सुटले होते. खाली तिरके अक्षर होते : 'हायपो'. ते ज्ञानेशचे अक्षर मला माझ्या नावाइतके ओळखीचे. त्याच्या बंद पडलेल्या फोटो-स्टुडिओत, लाल दिव्याच्या अंधारात, त्यानेच मला लहानपणी फोटो पक्का करणारे आणि आयोडीनचा डागही घालवणारे हायपोचे खडे पाण्यात विरघळवायला शिकवले होते.

मी औषधपेटीतले आयोडीन दुसऱ्या पेल्यात टाकले. पाणी तसेच तपकिरी झाले.

"मंगलाबाई, हे कुणाचं विष?"

"कुनाचंच नाय. तुमीच ओतलं की आत्ता."

महाराजांच्या बाटलीतला एक थेंब टाकला, पाणी निवळले. तिसऱ्या पेल्यातही आयोडीन टाकून एकीच्या डब्यातले लिंबू पिळले, ते पाणीही निवळले.

"ताई, श्रद्धेची परीक्षा घेऊ नये," महाराज पुटपुटले.

"श्रद्धेची नाही, बोळ्याची घेतेय. मूठ उघडा."

तळहात आयोडीनने माखलेला होता. मागून कोणीतरी म्हणाले, "म्हाराज, तुमचंच इष लय निघालं!" शेड हसली. मंगलाबाई हसल्या नाहीत.

"फळांच्या रसात गुण असतात," मी म्हणाले, "आयोडीनचा रंग घालवणं त्यातलाच एक. पण पेला म्हणजे कातडी नव्हे. गारवा मलमातल्या पुदिन्याच्या सत्त्वाचा आहे, वास घेऊन पाहा. तो आग झाकतो, जखम भरत नाही. आग जाणवली नाही, तर उद्या हात हाडापर्यंत पोळेल. चमत्कार दिसला, की तो स्वतः पुन्हा करून पाहा. मगच काय मानायचं ते माना. आज डॉक्टरांकडे चला. आणि मोज्यांशिवाय त्या औषधाला शिवू नका."

महाराज केव्हा निघून गेले, कोणी पाहिले नाही. मंगलाबाई भावासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सोललेले, मलमाने चकाकणारे दोन्ही हात त्यांनी पुढे धरले होते.

"मागल्या दिवाळीला याच हातांनी ओवाळलं तुमाला. भाऊ, तुमाला ठावं व्हतं?"

ज्ञानेशने माझ्याकडे पाहिले, त्यांच्याकडे नाही. मग औषधाची बादली उचलण्यासाठी तो वाकला, थबकला, खिशातून स्वतःचे रबरी मोजे काढून हातांत चढवले आणि बादली घेऊन वेलींच्या रांगांमध्ये चालत गेला.