डेल्फाचं नाक

डेल्फा कटलिपच्या नाकाचा त्या खोऱ्यात मोठा दबदबा होता. एप्रिलमध्ये डोंगरात रानलसूण वर आली की अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावजेवण व्हायचं. बायका बाहेर पत्र्याच्या टबांत पानं धूत, निवडत, आणि एखाद्या पानाशी अडलं की ते पांढऱ्या बशीत घालून डेल्फासमोर धरत. तिने स्वतः पानांना हात लावायचा नाही, कारण रानलसणीचा वास एकदा हाताला लागला की मग दगड हुंगला तरी लसूणच वाटते. म्हणून बाकीच्या बायका कोपरापर्यंत गार पाण्यात आणि ही मांडीवर हात ठेवून खुर्चीत. पण इतक्या वर्षांत तिची चूक निघाली नव्हती, त्यामुळे कोणी काही बोलत नसे.

पूर्वी पारख सोपी होती. गड्ड्यासकट उपटलेली लसूण कोणीही ओळखेल, खाली पांढरा कांदा नि वर जांभळट देठ. पण उपटून उपटून डोंगर उघडे पडायला लागले, तेव्हा डेल्फानेच नियम घातला की गड्डा जमिनीत राहू द्यायचा आणि एका रोपाचं एकच पान वरच्या वर कापायचं. नियम चांगला होता, लसूण पुन्हा वाढली. फक्त टबात आता नुसती हिरवी पानं येऊ लागली. पडक्या घरांच्या जोत्यांभोवती कोणे एके काळी लावलेली, घंटेसारख्या पांढऱ्या फुलांची लिली आता रानोमाळ पसरली आहे, आणि तिचं पान दिसायला जवळजवळ रानलसणीसारखंच, रुंद. लसणीचं पान चुरडलं की घमघमतं, लिलीच्या पानाला गवताचा वास. आणि लिली पोटात गेली की थेट हृदयावर घाव घालते.

या हिवाळ्यात डेल्फाला ताप आला. ताप गेला आणि त्याच्याबरोबर वासही गेला. कॉफी करपून पातेलं काळं पडलं तरी तिला पत्ता नव्हता. तिची भावजय आयसी अंगणातूनच ओरडत आली, "वन्सं, घर पेटवलंत की काय?"

"मला करपलेलीच आवडते," डेल्फा म्हणाली.

सांगून टाकायचं होतं तेव्हाच. पण कुणाला सांगणार, तर आयसीला! गेल्याच वर्षी आयसीच्या टोपलीत लिलीचं एक पान निघालं होतं. डेल्फाने त्या पानाची बशी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली होती आणि म्हणाली होती, "वहिनी, नवऱ्याचा कंटाळा आला असेल तर सरळ काडीमोड घे. विष कशाला घालतेस?" बायका पोट धरधरून हसल्या. त्या दिवसापासून आयसीची बदली टबावरून मक्याच्या पावांच्या भट्टीवर झाली. आता तिच्याच पुढ्यात जाऊन, माझं नाक गेलं म्हणून सांगायचं? डेल्फाने ठरवलं, डोळे शाबूत आहेत, यंदा तेवढ्यावर भागवू.

आणि भागलंही. गावजेवणाच्या दिवशी सकाळपासून बश्या येत राहिल्या, डेल्फा काट्याने पान चुरडायची, डोळे मिटून हुंगायची, आणि लसूण आहे असं म्हणून मोकळी व्हायची. शंका वाटली तर "फेका" म्हणायची. कुणाला काही कळलं नाही. जेवणाची वेळ जवळ आली तेव्हा आयसी पिठाच्या हातांनी एक बशी घेऊन आली.

"वन्सं, एवढं बघता? टबाच्या कडेला होतं."

डेल्फाने पान चुरडलं, हुंगलं. काही नाही. दिवसभर जसं काही नव्हतं तसंच. "लसूणच आहे, टाक."

आयसी हलली नाही. "नक्की ना?"

"वहिनी, उगाच नाकाने कांदे सोलू नकोस. तुझे पाव बघ जा."

बायका हसल्या. आयसी मात्र हसली नाही, चिडलीही नाही. ती बशी घेऊन आत गेली.

बटाटे आणि डुकराच्या चरबीत परतलेली लसूण मोठमोठ्या तव्यांवर चरचरत होती तेव्हा डेल्फाच्या डोक्यात ते पान पुन्हा आलं. सकाळपासून कापून ठेवलेली लसणीची पानं कशी मलूल होऊन बशीला चिकटून बसत होती. हे तसं नव्हतं. हे चुरडण्याआधी बशीत ताठ उभं होतं, कडा वर करून. लिली होती ती. डोळ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, पण तोंडाला घाई होती.

रांग लागली. दलाचा प्रमुख पहिला जेवतो, आणि प्रमुख होता ओकी, आयसीचा नवरा, डेल्फाचा सख्खा भाऊ. गेल्या पानगळीत त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आयसीने त्याला वाढलं, सावकाश, भरपूर.

डेल्फाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्या मोठ्या तव्यात एक पान, तिने स्वतःची समजूत घातली. कुणाच्या ताटात जाईल कोण जाणे, कदाचित इतकं बारीक झालं असेल की बाधणारही नाही. आणि बोललं तर सगळे विचारणार, कधीपासून?

ओकी ताट घेऊन तिच्याच समोर येऊन बसला. "डेल्फे, यंदाची लसूण फक्कड आहे हां! तुझा चेहरा का असा, प्रवचनाला बसल्यासारखा?" तो बकाबका खात होता. पावाच्या तुकड्याने त्याने ताट पुसून घेतलं आणि तोही तुकडा तोंडात टाकला. डेल्फा त्याच्याकडे बघत बसून राहिली. रांगेतले आणखी काही जण वाढून घेऊन गेले. तरी ती बसून राहिली.

मग रांगेत तिची रोवेना आली. रोवेना तिची मुलगी, ओहायोत असते, दर वर्षी या जेवणासाठी गाडी हाकत येते. तिने ताट पुढे केलं, आयसीने डाव उचलला, आणि डेल्फा उठली ती खुर्ची मागे उलटीच झाली.

"रोवेना, ठेव ते! कुणीही खाऊ नका! तव्यात लिली गेलीय!"

डेल्फाने सगळं सांगितलं. ताप आल्यापासून वास येत नाही, सकाळपासून नाटक करतेय, ते पान लिलीचं होतं. "आत्ता लक्षात आलं माझ्या," ती म्हणाली. "आत्ता, या क्षणी."

ओकीचा हात छातीवर गेला होता. तेवढ्यात आयसी पुढे आली आणि तिने एप्रनच्या खिशातून ते पान काढलं.

"हे बघा, इथे आहे. तव्यात नाही गेलं. माझ्या अंगणातलं आहे, मीच आणलं होतं. वन्संची कॉफी करपली तेव्हापासून मला संशय होता. पास झालेल्या बश्या आत माझ्याकडेच येत होत्या, त्यातलं प्रत्येक पान मी बाजूला काढून ठेवलंय. बिनधास्त जेवा."

आधी सुस्कारे निघाले, मग हशा पिकला. ओकी टेबलावर हात आपटून म्हणाला, "बायको आणि बहीण, दोघी मिळून माझा काटा काढत होत्या!" शेजारच्या बाईने डेल्फाच्या पाठीवरून हात फिरवला, अगं आधी सांगायचंस, लपवण्यासारखं काय त्यात? रोवेनाने आईला जवळ घेतलं आणि मग दोनदा वाढून घेतलं. डेल्फाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण एवढ्यावर सुटलो असंही कुठेतरी वाटत होतं.

लोक पांगल्यावर दोघी मोरीपाशी उभ्या होत्या. आयसी तवे घासत होती, डेल्फा पुसत होती.

"वहिनी, गेल्या वर्षी मी तुला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं."

"ते जाऊ द्या. ते मी कधीच मनातून काढलं." आयसी तव्याला चिकटलेलं खरवडत राहिली. "मला वाटलं, बशी आत नेताना हाक माराल. नाही मारलीत. मग हे ताट घेऊन आले तेव्हा मी मुद्दाम हळूहळू वाढलं. तुमच्याकडेच बघत होते. तुम्हाला तोवर कळलं होतं, वन्सं. तुमचा चेहरा पांढराफटक पडला होता."

डेल्फाच्या तोंडाशी आलं, एवढा मोठा तवा, एकच पान. पण मग रोवेनाच्या वेळी तवा लहान झाला होता का, असं आयसीने विचारलं असतं. तिने तवा धुऊन डेल्फाच्या हातात दिला.

बाहेर ओकीने गाडी सुरू करून ठेवली होती. तो हाक मारत होता, "डेल्फे, चल गं, तुला सोडतो घरी! पुढे बस, हीटर लावलाय!"

"त्यांना काही कळलेलं नाही," आयसी हळूच म्हणाली. "आणि मी कळू देणार नाही. तुमच्यासाठी नाही हं. त्यांना एकच बहीण आहे."

ती हात पुसत बाहेर गेली आणि गाडीत मागे जाऊन बसली. पुढची जागा त्यांनी डेल्फासाठी मोकळी ठेवली होती.