शैलाचे बारा पॉइंट एक

कॉलेजच्या फलकावर शंभर मीटरचा विक्रम एकेचाळीस वर्षं शैलाच्या नावावर होता. १९८४, १२.१ सेकंद. मी तेव्हा त्याच कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. पुढे आमचं लग्न झालं, मी निवृत्तही झालो, तरी दर वर्षी स्पर्धा बघायला आम्ही दोघं जायचो. या वर्षी मी एकटा गेलो. शैलाला जाऊन आठ महिने झालेत.

मुलींच्या शंभर मीटरमध्ये पूर्वा नावाची मुलगी पहिली आली. ती वाघोलीहून दोन बस बदलून कोथरूडला येते. शेवटच्या वर्षाला आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तिला पळता येणार नाही. वेळ आली १२.३६.

खेळाचे शिक्षक योगेश सर मोबाइलवर आकडे करत बसले.

"काकूंची वेळ स्टॉपवॉचवरची," ते म्हणाले. "सुरुवातीला बोट दाबायला उशीर होतो, म्हणून यंत्राच्या वेळेशी तुलना करताना त्यात चोवीस शतांश मिळवतात. झाले बारा चौतीस. पूर्वा, दोन शतांशांनी हुकलं."

"दोन शतांश म्हणजे किती हो सर?"

"पापणीसुद्धा मिटून होत नाही."

"मग मी उगाच मिटली," असं म्हणून ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. बराच वेळ एकच नाडी सोडत होती.

मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू? शैलाचं नाव राहिलं होतं. पण ते का राहिलं, हे जिवंत माणसांत फक्त मला माहीत होतं.

१९८४ला वेळ मोजायला मलाही उभं केलं होतं. शेवटच्या रेषेवर उभ्या असलेल्या माणसाने पिस्तुलाचा धूर बघून घड्याळ सुरू करायचं असतं. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ तीन दशांश सेकंद लागतात. त्या दिवशी मी धूर पाहिलाच नाही. मी चौथ्या पट्ट्यातल्या मुलीकडे बघत होतो. आवाज आला तेव्हा बटण दाबलं, म्हणजे वेळ तेवढी कमी भरली. एरवी तीन घड्याळं असायची. त्या दिवशी दोन बंद पडली होती, म्हणून माझीच वेळ धरली.

लग्नानंतर मी शैलाला हे सांगितलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "मी एवढी काही पळाले नव्हते."

"मग कॉलेजात सांगू का?"

"आधी कोणी जवळ तर येऊ दे. घाई कसली?"

पुरुषांचा जागतिक विक्रम २००९पासून ९.५८वर आहे. माणसाला यापुढे फार जागा उरलेली नाही, असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. पेपरात तसं आलं की शैला म्हणायची, "अहो, तुम्हाला बोलावलं असतं तर आठावर आणला असतात."

मी योगेश सरांना सगळं सांगितलं. त्यांनी मोबाइलवर पुन्हा आकडे केले.

"काका, खात्री आहे ना?"

"घड्याळ माझ्याच हातात होतं."

"म्हणजे काकूंचे बारा साठच्या पुढे जातात. नाव उतरवावं लागेल."

"माहीत आहे."

"आणि लेखी लागेल हो. तोंडी कोणी ऐकत नाही इथे."

"चाळीस वर्षं इथल्याच फायली सांभाळल्यात. कागद द्या."

चार ओळी लिहिल्या आणि सही केली. मग बरं वाटलं.

पूर्वा अनवाणीच माझ्या शेजारी येऊन बसली. तिने आभार वगैरे मानले नाहीत.

"काका, काकू पळायच्या कशा?"

आठ महिने लोक मला शैला गेली कशी, एवढंच विचारत होते. मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"सुरुवात संथ. पन्नास मीटरपर्यंत तिसरी, चौथी. मग खांदे सैल सोडायची आणि एकेकीला मागे टाकायची. शेवटचे दहा मीटर हसत यायची."

"हसत? पळताना?"

"दर वेळी."

"तोंड मिटून पळाल्या असत्या ना," पूर्वा म्हणाली, "तर मला जमलं नसतं."